पदराखालचा भाव

आमच्या घरमालकिणीला औषध मुळीच आवडत नसे. औषधाचा भाव मात्र फार आवडे. स्वतः त्या कधी सुंठीच्या काढ्यापलीकडे गेल्या नाहीत, पण कोल्हापुरात कुठल्या दुकानी काय कितीला मिळतं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कुणी तसं उठवलं नाही, कारण झोपेतून उठल्यावर त्या आधी शिव्या देत.

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत त्यांच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. संस्थान विलीन होऊन थोडाच काळ झाला होता. लोक अजून सवयीनं ‘सरकारांच्या वेळी असं नव्हतं’ म्हणत आणि काय नव्हतं ते विचारलं की गप्प बसत. आमचे हे हायस्कुलात गणित शिकवत, मी घरी शिवणाचा क्लास घेत असे. त्यामुळे आक्का ह्यांना मास्तर म्हणत आणि मला मास्तरीण.

गल्लीच त्यांना आक्का म्हणायची. घर जैनांचं, धंदा गुळाच्या अडतीचा, माहेर नृसिंहवाडीच्या अलीकडं, कृष्णाकाठी. नवरा गेल्यावर मुलगा हाताशी येईपर्यंत त्या स्वतः पेढीवर बसल्या होत्या, आणि गुळाच्या पेठेतले हमाल अजूनही त्यांना पाहिलं की विडी विझवत. उंच, हडकुळ्या, इरकली लुगडं, पायांत कर्रकर्र वाजणारं पायताण. त्या पायताणाचा आवाज आला की भवानी मंडपाजवळचा औषधवाला म्हणे समोरच्या गिऱ्हाइकाचे पैसे घाईघाईनं घेऊन टाकायचा. कारण आक्का एकदा फळीशी उभ्या राहिल्या की शेजारच्याला सांगायच्या, “हितं घेऊ नगंस. बिंदू चौकात दोन आणे कमी हाईत.” ते खरं असायचं, हीच त्या दुकानदाराची पंचाईत.

तेव्हा आतासारखं नव्हतं. डॉक्टर आपल्याच दवाखान्यातलं लाल नाहीतर पांढरं औषध द्यायचे, आपण बाटली घरून न्यायची, बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली, एका खाचेला एक डोस. ‘बाहेरचं लिहून दिलंय’ म्हटलं की आजार मोठा समजायचा. अशी चिठ्ठी गल्लीत कुणाच्याही घरी आली की अर्ध्या तासात आक्का दारात. त्यांना कसं कळायचं, देव जाणे. “चिठ्ठी बघू,” म्हणायच्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. चिठ्ठी उलटी धरून बघत आणि मान हलवत, आणि मग कमरेला खोचून चालू लागत. टांगा कधी नाही. “टांग्याचं भाडं औषधात धरलं की सगळी दुकानं सारखीच,” असा त्यांचा हिशेब.

विकत घ्यायचंच आहे, अशीही अट नसे. एकदा पलीकडच्या घरातल्या अशक्त मुलाला डॉक्टरांनी माशाचं तेल लिहून दिलं. आक्का बाटलीला शिवल्या नाहीत, दुकानदाराला ती फळीवरनं लांब सरकवायला लावली, नाकाला पदर लावला, आणि गावभर फिरून तिचा भाव काढून आल्या.

“आक्का, तुम्हाला चालत नाही ना हे?” मी विचारलं.

“खायला चालत न्हाई. भाव ठावं असायला काय जातंय?”

पेनिसिलीन नवीन आलं तेव्हा त्यांनी तर दुकानदाराशी वादच घातला. ते बुरशीपासून करतात, एवढं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. बर्फाच्या पेटीतून ती इवलीशी कुपी काढून दुकानदारानं किंमत सांगितली, तशा त्या म्हणाल्या, “बुरशीचं एवढं? माझ्या लोणच्यावर फुकट येती. किती देऊ, बोल.” दुकानदार सुशिक्षित होता, त्यानं बिचाऱ्यानं शास्त्र समजावायला घेतलं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हंजे बुरशीच की.”

मला त्यांचा राग यायचा, हे स्पष्टच सांगते. मला कामं असायची. घरी दुखणाईत माणूस कण्हतंय आणि चिठ्ठी आक्कांच्या कमरेला गावभर फिरतेय, ही गोष्ट मला कधी गमतीची वाटली नाही. गल्लीतल्या बाकीच्यांना वाटायची, कारण त्यांचे दोन-चार आणे वाचायचे. दोन-चार आण्यांसाठी माणसं बराच वेळ कण्हू शकतात.

पण खरी गंमत भाव विचारण्याच्या रीतीत होती. तोंडी सांगितलेल्या भावावर आक्कांचा विश्वास नव्हता. गुळाच्या पेठेत आणि बैलबाजारात पूर्वी सौदे रुमालाखाली चालत. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा, आणि सांगणाऱ्यानं जितकी बोटं दाबली तितका भाव. बोटं म्हणजे आणे, रुपये की दहादहा, हे मालावरून दोघांनाही ठाऊक असतं. तोंडानं ब्र काढायचा नाही. हात न झिडकारता सोडला की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. पुढे पेठेत उघडे लिलाव आले, ओरडून बोली लावू लागले. आक्कांना ते पटलं नाही. “सगळ्यांम्होरं ओरडून सांगितलेला भाव सगळ्यांसाठीचा असतोय,” त्या म्हणायच्या, “माझ्यासाठीचा न्हाई.”

तेव्हा त्या औषधाच्या दुकानात जाऊन चिठ्ठी फळीवर ठेवायच्या आणि पदराखाली झाकलेला उजवा हात पुढं करायच्या. तोंड मिटलेलं.

विचार करा. साठीची विधवा बाई भर बाजारात परपुरुषापुढं हात करून उभी. एका दुकानदारानं लाजून आपल्या बायकोला आतून बोलावून आणलं. एकानं हात जोडून सांगितलं, “आक्का, मी तोंडानंच सांगतो, वाटलं तर शपथेवर सांगतो.” महाद्वार रोडवरचे एक सोवळे गृहस्थ होते, त्यांनी त्यातल्या त्यात मार्ग काढला. ते पेन्सिलीच्या टोकानं पदरावरून टोचून आकडा सांगत. आक्का त्यांना मान देत. “रीत तरी पाळतंय,” म्हणायच्या, “जरी टोचतंय.”

हे सगळं मी लांबून बघून नाक मुरडत होते, तोवर आमच्याच घरी चिठ्ठी आली.

गुळाचा हंगाम होता. ह्यांना ताप येऊन आठवडा झाला होता, आणि तो उतरायचं नाव घेईना. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. तोवर टायफॉइड म्हणजे एकवीस दिवस माणूस निजवून ठेवायचा आणि वाट बघायची, एवढाच उपाय माहीत होता. आमच्या ओळखीतले दोघं वाट बघता बघताच गेले होते. पण नुकत्याच त्याच्यावर कॅप्सूल निघाल्या होत्या. डॉक्टरांनी तीन बाटल्या लिहून दिल्या आणि दारात थांबून मला बजावलं, “तिन्ही मिळत असतील तरच सुरू करा. एका बाटलीत ताप उतरलेला दिसतो, पण मध्येच सोडलंत तर उलटतो, आणि उलटलेला वाईट. पण आजच सुरू करा. नाडी मला बरी वाटत नाही.”

घरात शंभर रुपये होते. पगार आणि शिवणाचे मिळून. शेजारच्या काकूंना ह्यांच्या उशाशी बसवलं, चपला घातल्या, तर दारात आक्का.

“चिठ्ठी बघू.”

“आक्का, आज नको. मला लगेच आणायचंय.”

“लगीच आणायचं म्हंजे महाग आणायचं. दे हिकडं.” चिठ्ठी माझ्या हातातून गेलीसुद्धा. “जवळ किती हाईत?”

मी सांगितलं.

“चल तर. सूर्य मावळायच्या आत मला परत यून जेवायचं हाय.” रात्री न जेवण्याचा त्यांचा नेम कडक होता. दुपारचे तीन वाजून गेले असतील.

बिंदू चौकातल्या दुकानात माल होता. तो माणूस आक्कांना ओळखत होता. त्यांचा हात पुढं येण्याआधीच त्यानं स्वच्छ आवाजात सांगून टाकलं, “बेचाळीस रुपये बाटली. खटपट करून आणलाय माल, एक पैसा कमी नाही.”

तीन बाटल्यांचे एकशे सव्वीस. मी आक्कांना बाजूला घेतलं. “सव्वीस कमी पडतात. तुम्ही द्या, पगार झाला की पहिले तुमचे.”

आक्कांनी मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं माझ्याकडं बघितलं. “महाग घ्यायला मी उसनं देत न्हाई,” म्हणाल्या आणि चालू लागल्या.

महाद्वार रोडवर पेन्सिल चार वेळा टोचली. चाळीस. पण बाटली एकच होती. मी म्हटलं, एक तर एक, आज सुरू तरी होईल.

“एकीचं काय करतीस? अर्धा नवरा बरा करणार हाईस?”

“आक्का, चिठ्ठी द्या.”

“देत न्हाई.”

मग मी त्यांच्या कमरेची चिठ्ठी ओढायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. गुळाच्या ढेपा तोललेला हात तो, माझं काय चालणार? देवळाकडं निघालेली माणसं थांबून बघायला लागली. हाराच्या टोपलीशी बसलेली फुलवाली म्हणाली, “सासू-सुना दिसत्यात.” आक्का तिच्यावर खेकसल्या, “भाडेकरू हाय!” आणि माझं मनगट न सोडता मला तशाच ओढत घेऊन निघाल्या. मी रडत नव्हते. मला रडता येत असतं तर सोपं गेलं असतं. मी मनात त्यांची खोली सोडायची तारीख ठरवत होते.

स्टेशन रोडला आलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. म्हणजे घरापासून निघून, सगळं गाव पालथं घालून, आम्ही पुन्हा घराजवळच आलो होतो. गुळाच्या वखारींच्या मधोमध एक औषधाचं दुकान नवीन थाटलं होतं. समोर बैलगाड्या लागलेल्या, हमाल ढेपा उतरवतायत, रस्ताभर काकवीचा वास. फळीमागं एक तरुण होता. पांढरा कोट, केस चापून बसवलेले. पुण्याला औषधांचं शिकून त्याच महिन्यात आला होता, असं नंतर कळलं. आक्कांना त्यानं जन्मात पाहिलेलं नव्हतं.

आक्का दमल्या होत्या. एवढं चालून धाप लागली होती, कपाळावर घाम होता. बोलायचं तर नसतंच. त्यांनी चिठ्ठी फळीवर ठेवली आणि पदराखाली झाकलेला हात पुढं केला.

त्या तरुणानं चिठ्ठी वाचली. ‘टायफॉइड’ हा शब्द त्याच्या डोळ्यांसमोर असणार. मग त्यानं समोर बघितलं. घामाघूम म्हातारी, धापा टाकतेय, तोंडातून शब्द निघत नाही, हात पुढं केलाय. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यानं कोटाच्या खिशातून घड्याळ काढून फळीवर ठेवलं, पदरावरूनच आक्कांचं मनगट धरलं, आणि तीन बोटं नाडीवर टेकवली.

मला काय चाललंय ते कळलं. मी तोंड उघडणार तोच आक्कांनी डोळ्यांनी मला गप्प केलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आदर मी कधी बघितला नव्हता. पोरगं लाजलं नाही, पेन्सिल काढली नाही, घासाघीस केली नाही. तीन बोटं टेकवली ती घट्ट, कितीतरी वेळ.

मग त्यानं अलगद हात सोडला आणि म्हणाला, “आजी, बसा. पाणी आणू का?”

सौदा झाल्यावर पेढीवर असंच विचारतात. आक्का ऐसपैस बाकावर बसल्या. “पाणी नगं. तीन बाटल्या काढ. मास्तरीण, नव्वद मोज.”

“नव्वद कसले?” तो म्हणाला. “बेचाळीसनं एकशे सव्वीस होतात.”

“तीस सांगितलास की.”

“मी? मी कधी सांगितलं? मी बोललोच नाही!”

“बोलायचं नसतंयच. हात दिलास. तीन बोटं दाबलीस.”

“आजी, मी तुमची नाडी बघत होतो!”

आक्का उठल्या. “माझी नाडी? मला काय झालंय? दुखणं मास्तरांचं, आनि नाडी माझी बघतोस? आनि बघितलीस तर बघितलीस, काय निघालं तिच्यात?”

“जरा जलद होती,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तोवर समोरचे हमाल ढेपा खाली ठेवून फळीशी आले होते. आक्कांचा आवाज त्यांच्या ओळखीचा. त्यांच्यातला एक पिकल्या मिशीचा पुढं झाला. “काय झालं, आक्का?”

“ह्येनं हात दिला तीसचा. आता फिरतंय.”

मिशीवाल्यानं तरुणाला विचारलं, “पावणं, हात धरला व्हता न्हवं?”

“धरला होता, पण नाडी...”

“बोटं किती?”

“तीन. नाडी तीन बोटांनीच बघतात!”

“सोडताना झिडकारला का?”

“कशाला झिडकारीन? म्हाताऱ्या बाईचा हात!”

“मग झालं की!” मिशीवाला मागं वळून बाकीच्यांना म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. “भाव तीस. पैलवान, आता मागं हटू नका, सगळी पेठ बघालीया.”

गोंधळ ऐकून माडीवर आडवा झालेला मालक खाली आला. जाडजूड, डोळ्यांत झोप, धोतराचा सोगा हातात. तरुणानं त्याला इंग्रजी शब्द घालून सगळं सांगितलं. मिशीवाल्यानं चार शब्दांत सांगितलं. मालकानं एकदा आक्कांकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं. रस्त्यावर एका वखारीच्या दारात दोन अडत्ये येऊन उभे राहिले होते. त्याचं दुकान गुळाच्या पेठेत होतं आणि गिऱ्हाईक सगळं पेठेतलं. ह्या दुकानात हात दिलेला फिरवतात, ही बातमी अंधार पडायच्या आत शेजारच्या उचगावपर्यंत पोचली असती.

मी मात्र त्या वेळी भाव, रीत, पेठ, सगळं सोडून फक्त फळीमागच्या कपाटाकडं बघत होते. तिथं त्या तीन बाटल्या ओळीनं होत्या. मी नोटा काढून फळीवर ठेवल्या आणि म्हणाले, “तुम्ही भांडत बसा. आधी एक बाटली माझ्या हातात द्या. माझा नवरा घरी तापानं फणफणलाय. बाकीच्या दोन द्यायच्या की नाही ते मग ठरवा.”

मालकानं तरुणाला हातानं खूण केली. “काढ तिन्ही.”

“पण खरेदीच...”

“काढ म्हणतो ना.” मग त्यानं आक्कांना हात जोडले. “आक्का, तीस तर तीस. पण पुन्हा माझ्या दुकानात हात पुढं करू नका. तुम्ही तोंडानं मागाल त्या भावात देईन, पण हात नको.”

“तोंडानं भाव मी करत न्हाई,” आक्का म्हणाल्या.

परतताना त्या माझ्यापुढं झपाझप चालत होत्या, पण सूर्यापुढं काही गेल्या नाहीत. घर आलं तेव्हा अंधारून आलं होतं. त्यांच्या सुनेनं ताट झाकून ठेवलेलं, ते तसंच गाईला गेलं. पुढं जितकी वर्षं आम्ही तिथं राहिलो, तितकी वर्षं आक्कांनी मला ते उपाशी राहणं ऐकवलं. भाकरी ज्वारीची होती, आणि वांगं कसं होतं, ह्यासकट.

पण त्या संध्याकाळी आधी त्या माझ्या मागोमाग आत आल्या. मी कॅप्सूल काढली, ह्यांचं डोकं वर धरलं. ह्यांना भान कमीच होतं. आक्का पायथ्याशी उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, “मास्तर, गिळा. आनि आता बरं व्हायचं. फोडलेली बाटली परत घेत न्हाईत.”

चौथ्या दिवशी ताप उतरला. मी खोली सोडायचा बेत सोडला. बेत सोडण्यासारखं आक्कांनी काही केलं होतं असं नाही. दुपारभर फिरण्यात त्या दिवशी काही बरंवाईट झालं असतं, तर मी त्यांना जन्मभर क्षमा केली नसती, आणि त्यांना त्यात काय चुकलं ते कळलंही नसतं. तसं झालं नाही. नशीब म्हणा, नाडी म्हणा.

पंधरा-वीस दिवसांनी डॉक्टरांनी औषध थांबवलं. हे भिंतीला टेकून बसायला लागले होते आणि वरणात मीठ कमी आहे म्हणायला लागले होते. तिसऱ्या बाटलीत पाच कॅप्सूल उरल्या. त्या आक्कांनी बघितल्या.

“ह्या गोळ्यांचं काय करतीस?”

“काय करायचं? राहू देत.”

“राहू देत काय? माल हाय तो.” त्यांनी बाटली उचलली आणि कमरेला खोचली. “कोण कितीला परत घेतंय, बघून येती.”

मी त्यांना अडवलं नाही. मला ह्यांच्यासाठी मोसंबी आणायची होती, म्हणून स्टेशन रोडपर्यंत त्यांच्याबरोबर निघाले. वखारींसमोर गाड्या लागल्या होत्या. आक्कांचं पायताण कर्रकर्र वाजत होतं. औषधाच्या दुकानात तो तरुण एका गिऱ्हाइकाला पुडी बांधून देत होता. त्यानं मान वर केली, आम्हाला येताना पाहिलं, हातातली पुडी तशीच फळीवर ठेवली, आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले.

आक्का थबकल्या.

“शिकलं,” त्या मला म्हणाल्या, आणि समाधानानं दुकानाची पायरी चढल्या.